कडीचा आवाज

सकाळी जागेवर येऊन संगणक उघडला तर हिरवी खूण. महिनाभर तिथे लाल फुली होती. दुखऱ्या दाढेकडे जीभ जावी तशी रोज माझी नजर आधी त्या फुलीकडे जायची, मग चहा, मग बाकीचं जग. आज फुली नाही. हिरवीगार, टवटवीत खूण आणि तिच्या शेजारी 'बांधणी यशस्वी' अशी अक्षरं. दुसरी कुणी असती तर हुश्श म्हणून खुर्चीत रेलली असती. मला ती खूण पटेना. ती फुली घालवायला काय करावं लागेल हे मला पक्कं ठाऊक होतं, ते काम मी अजून हातातही घेतलं नव्हतं, आणि मधले दोन दिवस मी रजेवर होते. आपण न झाडलेली खोली झाडलेली दिसली की आपण आधी सतरंजी उचलून बघतो. मी खांद्यावरची पर्स न उतरवताच बघायला लागले.

माझं काम बांधणीचं. लिहिणारे लिहितात, आपापल्या संगणकावर चालवून बघतात, 'माझ्याकडे तर चालतंय' म्हणतात आणि हात झटकून मोकळे होतात. त्या सगळ्यांची मोट बांधून, जगातल्या बऱ्यावाईट संगणकांवर ती नीट उलगडेल अशी करून धाडायची, ही माझी जबाबदारी. मोट बांधली की तिची आपोआप चाचणी होते, पास झाली तर हिरवी खूण, नाहीतर लाल फुली. चाललं तर त्यांचं कौतुक, अडलं तर माझ्या नावानं बोंब. आमचं सॉफ्टवेअर मनाच्या डॉक्टरांसाठी आहे. पेशंट समोर बसून बोलतो, डॉक्टर टिपून ठेवतात आणि सॉफ्टवेअर ते टिपण कुलूपबंद करतं, म्हणजे संगणक भलत्याच्या हाती लागला तरी त्याला नुसता अक्षरांचा केरकचरा दिसावा. हे कुलूप आम्ही घडवत नाही. ते घरी घडवू नये, भल्याभल्यांचं त्यात हसं झालंय. त्यासाठी जाणकारांनी लिहिलेली लायब्ररी, म्हणजे सॉफ्टवेअरचा तयार सुटा भाग, घ्यायची असते. आमच्या जुन्या लायब्ररीत एक खोट सापडली म्हणून नवी घेतली आणि तिथून दुखणं सुरू झालं. नव्या संगणकांवर ती मुकाट चालायची. जुन्या संगणकांवर म्हणायची, फाइल सापडत नाही. फाइल तिथेच, डोळ्यांसमोर, आणि म्हणे सापडत नाही! त्या वाक्यावर विश्वास ठेवून मी वेड्यासारखी ती फाइल या घरातून त्या घरात हलवत राहिले. शेवटी कळलं की हरवलं होतं ते वेगळंच. त्या फाइलला स्वतःला लागणारी आणखी एक फाइल जुन्या संगणकांवर नव्हती आणि एवढं धड सांगण्याची अक्कल त्या संदेशात नव्हती. आमच्या बाबांसारखं. कामावर कुणी अपमान केला की ते घरी येऊन चष्मा सापडत नाही म्हणून ओरडायचे, आणि चष्मा नाकावर. कारण कळलं तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की ही लायब्ररी आपल्यालाच मुळापासून बांधावी लागेल, तिला लागणारं सगळं तिच्याच पोटात घालून, म्हणजे परक्या घरी जाऊन ती कुणाकडे काही मागणार नाही. आठवडाभर लागेल. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

बदल शोधायला वेळ लागला नाही. तो झटपटनं केला होता. झटपट म्हणजे पलीकडच्या टेबलावर बसणारा सहकारी. नाव मी ठेवलेलं, आणि त्याला ते आवडतं, यातच काय ते आलं. चार ओळींचा बदल. लायब्ररी मिळाली तर कुलूप लाव. नाही मिळाली तर गप्प बस आणि पुढे चल. शेजारी शेरा, 'तात्पुरतं'. मी त्या चार ओळींकडे बघत राहिले आणि मानेपासून कानापर्यंत काहीतरी गरम चढत गेलं. चाचणी पास होणारच होती. सॉफ्टवेअर उघडतं का, टिपण साठवतं का, नीट बंद होतं का, एवढंच ती विचारते. साठवलेलं कुणालाही वाचता येतं का, हे ती विचारत नाही, कारण असलं काही कुणी करेल हे चाचणी लिहिताना कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि खरं दुखणं तर पुढेच. नवी आवृत्ती पहिल्यांदा सुरू झाली की जुन्या कुलपातली सगळी टिपणं बाहेर काढते आणि नव्या कुलपात ठेवते. जिथे नवं कुलूप मिळणार नाही तिथे ती बाहेर काढलेली तशीच ठेवेल. वर्षानुवर्षांची. म्हणजे आज ज्यांच्या दाराला निदान जुनी कडी आहे, त्यांची ती आम्ही सुधारणा म्हणून काढून नेणार होतो.

कोपऱ्यात आम्ही एक जुना संगणक ठेवलाय, चाचणीपुरता. त्याचा पंखा दम्याच्या माणसासारखा घरघरतो. त्याच्यावर मी नवी आवृत्ती चढवली आणि एक खोटा पेशंट तयार केला. खोटंच लिहायचं होतं, काहीही चाललं असतं, पण माझ्या बोटांनी लिहिलं, 'झोप येत नाही. वर्गात उभा असतो आणि पुढचा शब्द सापडत नाही.' साठवलं. पडद्याच्या कोपऱ्यात छोटं हिरवं कुलूप उमटलं. ते नुसतं चित्र आहे, साठवलं की ते येतं, त्याचा कशाशी काही संबंध नाही. मग मी ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली, जे कुठल्याही शाळकरी पोराला उघडता येतं. झोप येत नाही. वर्गात उभा असतो आणि पुढचा शब्द सापडत नाही. अक्षर न् अक्षर. आणि त्याच्या मागे, दुसऱ्या खिडकीत, ते हिरवं कुलूप शांतपणे बसून होतं.

ही कडी मला माहीत होती. लहानपणी आमच्या घरात खोल्या दोन आणि माणसं त्यांच्या मानानं फार. एकटं होण्याची जागा एकच, न्हाणीघर, आणि त्याला कडी नव्हती. आतल्यानं खोकायचं, बाहेरच्यानं ऐकायचं, अशी सगळी व्यवस्था. मी बाबांच्या मागे भुणभुण लावली, कडी बसवा. 'घरातलीच तर माणसं आहेत, इतकं काय त्यात?' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आई म्हणायची, 'अहो, बसवून टाका ना एकदाची, कान किटले माझे.' शेवटी त्यांनी एक पितळी कडी आणली आणि दुपारभर ठाकठोक केली. सरकवली की खट असा घसघशीत आवाज यायचा. मला तो इतका आवडायचा की काम नसताना मी आत जाऊन ती सरकवायची, उघडायची, पुन्हा सरकवायची. मग एकदा घरी पाहुणे होते आणि मी कडी लावून पालथ्या बादलीवर बसून रडत होते. कशासाठी, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. दार सरळ आत ढकललं गेलं. काका हात धुवायला आले होते. 'अरेच्चा, इथे तर धरण फुटलंय!' असं म्हणून ते बाहेर गेले आणि त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं, आणि सगळे हसले, प्रेमानंच हसले, त्याचाच मला जास्त राग आहे. मी कडीकडे बघत होते. ती लागलेली होती. दांडा पुरता बाहेर आलेला होता. पण तो ज्यात अडकायचा तो कोयंडाच चौकटीवर नव्हता. चौकटीचं लाकूड आतून भुसभुशीत झालं होतं, स्क्रू धरत नव्हता, म्हणून बाबांनी कोयंडा खिशात टाकला होता आणि कडी तेवढी बसवली होती. 'तुझं समाधान झालं होतं ना?' त्यांनी मला विचारलं. ते मला चिडवत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं की मी एवढी का संतापलेय.

त्यानंतर दादानं काय केलं, तर मी आत गेले की तो बाहेर उंबरठ्यावर आडवा बसायला लागला, पाठ चौकटीच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला. हातात भूगोलाचं पुस्तक. मोठ्यांदा वाचायचा, म्हणजे आतलं बाहेर ऐकू जाऊ नये. मला नद्यांची खोरी आणि वाऱ्यांच्या दिशा बादलीवर बसून पाठ झाल्या. का रडतेस असं त्यानं एकदाही विचारलं नाही. चौकटीची कड पाठीला टोचते, एवढीच त्याची तक्रार असायची, आणि तीसुद्धा मी बाहेर आल्यावर.

तोच दादा आता शाळेत भूगोल शिकवतो. शिकवायचा, असं लिहिणार होते. मध्यंतरी एके दिवशी भर वर्गात नकाशाकडे हात करून तो थांबला आणि थांबलेलाच राहिला. मुलांना वाटलं सर गंमत करतायत. मुख्याध्यापिकेला त्यानं घसा बसल्याचं सांगितलं. मग ते पुन्हा झालं. महत्प्रयासानं मी त्याला डॉक्टरांकडे नेलं, तर पहिल्या खेपांना तो खुर्चीच्या कडेवर बसून राहायचा आणि हवापाण्यावर बोलून परत यायचा. डॉक्टरांच्या टेबलावर आमचं सॉफ्टवेअर होतं, मी दारातूनच ते हिरवं कुलूप ओळखलं. संगणक जुना, आमच्या कोपऱ्यातल्यासारखाच घरघरणारा. तो सारखा बिघडतो आणि बिघडला की दुरुस्तीवाला येऊन अख्खं खोकं खांद्यावर टाकून दुकानात नेतो. त्या दुरुस्तीवाल्याची मुलगी दादाच्या वर्गात आहे. माणूस सज्जन आहे, पण सज्जन माणसाच्या समोर उघडी फाइल आली तर तोही वाचतोच, आणि वाचलेलं घरी सांगतो, वाईटपणानं नव्हे, काळजीनं. परवा बाहेरच्या बाकावर बसलो असताना दादानं विचारलं, 'मी बोलतो ते डॉक्टर टाइप करतात. ते जातं कुठे?'

'कुठे नाही. तिथेच राहतं, कुलपात.'

'आणि कुलूप कोण लावतं?'

'मी लावते. ते माझंच तर काम आहे.'

'कोयंडा आहे ना?' तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो. मी म्हटलं, 'आहे. मी स्वतः बघितलाय.' मग तो आत गेला आणि नेहमीपेक्षा खूप उशिरा बाहेर आला, तोंड धुतल्यासारखा. 'बोललो आज,' एवढंच म्हणाला. मी काही विचारलं नाही. त्याच दिवशी इकडे झटपट त्या चार ओळी लिहीत असणार.

'अगं, तात्पुरतं आहे ते,' झटपट म्हणाला. मी त्याच्या टेबलासमोर उभी होते आणि माझा आवाज चढलाय हे आजूबाजूच्या वळलेल्या मानांवरून मला कळत होतं. 'पुढच्या आवृत्तीत तू तुझी लायब्ररी बांधलीस की काढून टाकू. साहेब रोज विचारत होते. तू नव्हतीस. म्हटलं, तुला मदत.'

'आणि तोपर्यंत ती टिपणं उघडी?'

'जुन्या संगणकांवरच ना फक्त.'

'निदान पडद्यावरचं कुलूप तरी काढायचंस! कुलूप नाही असं सांगायचंस त्यांना.'

'सांगितलं तर घाबरतील ना लोक,' तो म्हणाला. हे त्यानं इतक्या निरागसपणे सांगितलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग यायला समोर निदान लबाड माणूस हवा. याच्या डोळ्यांत लबाडीचा लवलेश नव्हता. बाबांच्याही नव्हता. आयुष्यात मला भेटलेल्या सगळ्या बिनकोयंड्याच्या कड्या भल्या माणसांनी बसवलेल्या होत्या, आणि प्रत्येकानं वर माझ्याकडून आभाराची अपेक्षा ठेवली होती.

साहेबांच्या केबिनमध्ये मी मुद्दाम सावकाश बोलले. बाई चिडून बोलली की मुद्दा बाजूला राहतो आणि तिच्या चिडण्याचीच चर्चा होते, हे मी या इमारतीत शिकलेय. काय उघडं पडणार, कुणाचं, कसं, सगळं सांगितलं. साहेब पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. खट, खट.

'असे जुने संगणक असलेले दवाखाने आहेत किती? मूठभर.'

'त्या मूठभरांनी काय घोडं मारलंय आपलं?'

'तसं नाही गं. आज संध्याकाळी आवृत्ती देतो म्हणून मी वरती शब्द दिलाय. चाललंय ना सगळं? एकाची तरी तक्रार आलीय?'

'तक्रार करायला आधी कळायला नको?'

'हे बघ,' साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, 'दवाखान्याचा संगणक, दवाखान्यातलीच माणसं. इतकं काय त्यात?'

खरं सांगते, त्या क्षणी केबिनमध्ये ओल्या लाकडाचा वास आला. साहेब बोलतच होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते, आणि मी पालथ्या बादलीवर बसले होते. बाहेर सगळे हसत होते. फरक एवढाच की या वेळी आत मी एकटी नव्हते. वर्गात शब्द हरवलेला दादा होता, आणि ज्यांची तोंडं मी कधी बघणार नाही अशी कितीतरी माणसं होती. प्रत्येकाला कुणीतरी सांगितलं होतं की बोल, दार लावलंय. ते सांगणाऱ्या डॉक्टरांना सॉफ्टवेअरनं सांगितलं होतं. आणि सॉफ्टवेअर बांधते मी.

'मी सही करणार नाही,' मी म्हणाले.

आमची कुठलीही आवृत्ती बाहेर जायची तर तिच्यावर सही लागते. हाताची नव्हे. अंगठ्याएवढं एक टोकन आहे, ते संगणकाला लावायचं, पिन टाकायची, की आवृत्तीवर कंपनीचा शिक्का उमटतो. शिक्का नसेल तर दवाखान्यांचे संगणक तिला दारातच अडवतात. ते टोकन माझ्या ताब्यात असतं, घराच्या किल्लीबरोबर एकाच कडीत. बाकी कुणाला ती कटकट नको होती, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली होती.

'टोकन कंपनीचं आहे,' साहेब म्हणाले. आता समजुतीचा सूर नव्हता. 'तुझ्या मालकीचं नाही. तुला जड जात असेल तर पिन सांग, तो करेल.' त्यांनी बाहेरच्या झटपटकडे बोट केलं.

बरोबर होतं. टोकन माझ्या मालकीचं नव्हतंच. मी म्हणाले, 'नको, मीच करते.' मी माझ्या जागेवर आले, तसे साहेब आणि झटपट माझ्यामागे येऊन उभे राहिले. झटपटला हायसं वाटलं असावं, त्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढून दिली. मी टोकन लावलं. त्याचा बारीक दिवा लागला. पिनच्या जागी मी बाबांचं जन्मवर्ष टाकलं. चूक. 'घाईत होतं असं,' झटपट म्हणाला. पुन्हा बाबांचं जन्मवर्ष. चूक. पडद्यावर सूचना आली, की आता एकच संधी उरली आहे. झटपटनं ती वाचली आणि श्वास आत ओढला. सगळ्या खोलीत तेवढ्या एकालाच कळलं की मी काय करतेय. तो 'थांब' म्हणाला का मला आठवत नाही. कदाचित म्हणाला नसेल. त्याचं हे ऋण मी मान्य करते. मी तेच वर्ष तिसऱ्यांदा टाकलं. दिवा विझला.

'काय झालं?' साहेबांनी विचारलं.

'टोकननं स्वतःला बंद करून घेतलं,' झटपट हळूच म्हणाला. 'नवीन मागवावं लागेल. ते लोक आधी कागदपत्रं तपासतात, फोन करून खात्री करतात. आठवडा तरी जातो. घाई चालत नाही त्यांच्याकडे.'

'उघडता येत नाही?'

'नाही. ते तसंच बनवलेलं असतं.'

साहेब माझ्याकडे वळले. 'मुद्दाम केलंस?'

'हो.'

मी नाही म्हणेन, हात थरथरला म्हणेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मग ते बराच वेळ बोलले, वरती दिलेल्या शब्दाबद्दल, बेजबाबदारपणाबद्दल, माझ्या एकूण स्वभावाबद्दल. मी ऐकून घेतलं. मला वाईट वाटत नव्हतं, भीतीही फारशी नव्हती. नुसता राग होता, स्वच्छ, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो योग्य माणसांसमोर उभा होता. 'आठवड्यात लायब्ररी बांधून देते,' मी म्हणाले. 'मला काढायचं तर काढा. पण बांधून झाल्यावर काढा, नाहीतर हा पुन्हा तात्पुरतं काहीतरी करेल.' झटपट जमिनीकडे बघत होता. साहेब केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्यांच्या दाराला उत्तम कडी आहे.

मी त्या चार ओळी पुसल्या. जुन्या संगणकावर चाचणी पुन्हा चालवली. लाल फुली उगवली, आणि तिच्याकडे बघून मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मग चाचणीत मी एक प्रश्न वाढवला, साठवलेलं नोटपॅडमध्ये वाचता येतंय का, आणि लायब्ररी मुळापासून बांधायला घेतली. जुना संगणक घरघरत राहिला. थोड्या वेळानं झटपट आला, शेजारी खुर्ची घेऊन बसला आणि विचारलं, 'कुठून सुरुवात करू?' मी त्याला कमी पडणाऱ्या फाइली शोधायला लावलं. क्षमा वगैरे मी केलेली नाही.

घरी जाताना दादाचा फोन आला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोकळा येत होता. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे एकटाच जाईन म्हणाला. मग म्हणाला, 'तुझा आवाज असा का? कुणाशी भांडलीस?'

'हो.'

'नोकरी आहे ना?'

'या आठवड्यापुरती आहे. पुढचं माहीत नाही.'

'असं काय केलंस तरी?'

काय सांगणार होते? लायब्ररी, टोकन, पिन, यातलं काहीच त्याला उमगलं नसतं, आणि जे उमगलं असतं ते सांगून पुढच्या आठवड्यातलं त्याचं बोलणं मला बंद करायचं नव्हतं. माझ्या बाजूनं गाड्या जात होत्या. मी म्हणाले, 'काही नाही रे. दिवसभर उंबरठ्यावर आडवी बसले होते.'

दादा म्हणाला, 'चौकटीची कड टोचते ना पाठीला?'

'टोचते,' मी म्हणाले.